सासऱ्यांकडून मुलाला घरीच शिकवून घेतलं तर चालेल का, की शाळेच्या ऑनलाईन तासांनाच बसवावं?

तुम्ही दोघं नोकरीला, मुलगा तिसरीत, घरी निवृत्त सासरे. कोरोनासारखं पुन्हा काही आलं तर नाव शाळेतून काढून अभ्यास त्यांच्यावर सोपवावा का, आणि कायद्याला ते चालेल का, असं विचारलंय. नाव काढू नका. शिकवू मात्र त्यांना द्या. दोन्ही एकाच वेळी जमतं, आम्ही ऐरोलीत जमवलं.

मी आयटीआय झालेला माणूस. ठाणे-बेलापूर पट्टीत केमिकल कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. आमचे व्याही नौपाड्यातले, निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि नातू परीक्षा न देताच चौथीत गेला. मुलगा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून, सूनबाई बँकेत, त्यामुळे तिला रोज जावंच लागायचं. उरलो मी. सरांनी पहिल्याच आठवड्यात नौपाड्याहून वेळापत्रक पाठवलं. नऊ ते पावणेदहा इंग्रजी, मग गणित, मधली सुट्टी दहा मिनिटं, अंगावर गणवेश पाहिजे. गणवेश! एप्रिलच्या उकाड्यात, बिल्डिंगचं गेट बंद असताना.

मी त्याला मीटर रूममध्ये नेलं.

आमचा मीटर डिजिटल. पडद्यावर आधी तारीख येते, मग वेळ, मग केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा आकडा, आणि लिहून घेईपर्यंत तो निघून जातो. पोराला तिथे थांबायला शिकवलं. रोज संध्याकाळी सातला आकडा लिहायचा, कालचा वजा करायचा, की आजची युनिटं. दशांशाची वजाबाकी तो तिथे शिकला, त्याच्या पुस्तकात ती पुढच्या वर्षी होती. मग त्याला लाल दिवा दिसला, लुकलुकणारा. मीटरवर ३२०० छापलंय, म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. हजार वॉटची इस्त्री तासाला एक युनिट खाते, मग मिनिटाला किती वेळा लुकलुकेल? साठने भागून त्याने ५३ काढले. बरोबर आहे का ते बघायला घरातलं बाकी सगळं बंद करणं भाग होतं. मी बाकीचे एमसीबी, म्हणजे सर्किटचे स्विच, पाडले. आतून मुलगा ओरडत आला, कारण वायफायही गेलं होतं आणि त्याची क्लायंटसोबत मीटिंग चालू होती. तो प्रसंग घरात अजून निघतो. पण पोराने खाली उभं राहून मोजले. आम्ही तीनदा केलं, ५२, ५४, ५३. आता मला सांगा, हा तास कुठल्या ऑनलाईन वर्गात होतो?

जूनमध्ये शाळेचे तास सुरू झाले. आम्ही बसवलं. अर्धा तास 'मिस, ॲम आय ऑडिबल'मध्ये जायचा, उरलेल्या वेळात कोणाच्या तरी घरची कुकरची शिट्टी.

तेवढ्यात विजेची बिलं आली. लॉकडाऊनमध्ये रीडिंग घेणारे फिरकले नव्हते. एप्रिल-मेची बिलं हिवाळ्याच्या सरासरीने आली होती, आणि जूनमध्ये रीडिंग झाल्यावर सगळा फरक एकदम अंगावर आला. सोसायटीच्या ग्रुपवर आग लागली. एका महिन्यात ३९० युनिटं कशी जळतील, लुटारू कुठले, चला मोर्चा काढू. आमचंही बिल तेवढंच. पोराने वही काढली. तीन महिन्यांची खरी युनिटं ६३०. आधीच्या दोन बिलांत १२० अधिक १२०, म्हणजे २४० चे पैसे भरलेले. राहिली ३९०. नंतर त्याने स्लॅब विचारले. पहिल्या १०० ला एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढा. ६३० एकाच महिन्याची धरली तर मेलोच, पण तीनने भागली की महिन्याला २१०, म्हणजे चढ्या स्लॅबला हातही लागत नाही. बिलात भागलीत का, ते त्याने बिल उलटून तपासलं. भागलेली होती. त्या पानाचा फोटो मी ग्रुपवर टाकला. सेक्रेटरींनी फोन करून विचारलं, 'कोणी काढलं हे?' म्हटलं, चौथीतल्या मुलाने.

सगळ्यांची बिलं बरोबर होती असं नाही. ज्यांनी वही ठेवली नव्हती त्यांना कळायचा मार्गच नव्हता.

तर हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, 'पण हे चौथीच्या अभ्यासक्रमात नाही.' झालं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नकार्यात आमचा हाच वाद. त्यांचं म्हणणं, शिकवणं हे शिकवणाऱ्याचंच काम, बाकीच्यांनी मुलाला वेळेवर बसवायचं. माझं म्हणणं, बसवलं म्हणजे शिकवलं नव्हे. कंपनीत इंजिनिअर पोरं यायची, ओहमचा नियम तोंडपाठ, आणि टेस्टर उलटा धरायची. ती सगळी वेळेवर बसलेलीच होती. आणि सरांच्या पाच तासांच्या वेळापत्रकाचं म्हणाल तर केंद्र सरकारच्याच ऑनलाईन वर्गांसाठीच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला दोन सत्रं सांगितली होती, ३० ते ४५ मिनिटांची. जास्तीत जास्त दीड तास. मी ते पान सरांना पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

आता तुमच्या कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. त्यात होमस्कूलिंगची वेगळी सोय नाही. कलम १० मूल शाळेत घालायचं कर्तव्य पालकांवर टाकतं, पण न घातल्याबद्दल दंड लिहिलेला नाही. नाव काढलंच तर कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात परत प्रवेश मिळायला हवा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे कलम ५. कायमचं घरीच शिकवायचं असेल तर एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयाच्या, तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष परीक्षा आहेत, राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी-आठवीच्या आहेत, आणि दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म. पण साथीपुरतं हे सगळं कशाला? हजेरी लावा, दीड तास बसवा, बाकीचा दिवस सासऱ्यांचा. मिस रागावल्या तर रागावू देत.

हे सगळ्यांना जमतं असंही समजू नका. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी रबाळ्याला राहायची. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर. तिला ना ऑनलाईन, ना आजोबा. सह्याद्रीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' लागायचं, बालभारतीच्या धड्यांवर, ते ती शेजारच्या टीव्हीवर बघायची. तिच्यासाठी शाळा उघडणं हाच उपाय होता, आणि खालच्या वर्गांच्या शाळा आपल्याकडे २०२१ च्या डिसेंबरपर्यंत बंद राहिल्या, याचा राग मला आजही आहे. नातवाचंही मित्रांवाचून अडलंच. मी पत्ते खेळलो त्याच्याशी, पण मी काही नऊ वर्षांचा नाही. आणि नववी-दहावी असेल तर माझं ऐकू नका, तिथे बीजगणिताला शिक्षकच लागतो. सरांनी आठवीपासून नातवाची शिकवणी घेतली, व्हिडिओ कॉलवरच, आणि चांगली घेतली. हे त्यांना कळवायची गरज नाही.

एक राहिलं. एवढा मोठा प्रश्न लिहिलात, त्यात सासऱ्यांना हे करायचंय का ते कुठेच नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, पोरगं आणून शेजारी बसवलं. विचारा त्यांना. ते हो म्हणाले तर त्यांची दुपारची झोप आधी ठरवून घ्या, दोन ते चार, आणि तेवढा वेळ पोराला कोण बघणार ते तुम्ही दोघांनी ठरवा.