मेसच्या वरणावर विसंबू नकोस

भाऊ, जळगावला मेस लावलीस, पण वाटी ढवळून बघ: तळाशी चमचाभर डाळ, वर पिवळं पाणी. मी पहिलं वर्ष त्यावरच काढलं, दुपारच्या तासाला नुसता पेंगायचो.

साधारण किलोमागे १ ग्रॅम प्रोटीन धर. ५० किलो वजन असेल तर दिवसाला ५० ग्रॅम. फुटाणे-शेंगदाणे मिळून ५० ग्रॅम खाल्लेस की अकराएक ग्रॅम तिथेच आले. मटकी रात्री भिजव, सकाळी फडक्यात बांधून ठेव. गॅस लागत नाही. दूध-दही परवडेल तसं.

घरून येताना कळण्याच्या भाकरी आण. ज्वारीत उडीद दळलेला असतो, एकाची उणीव दुसरं भरून काढतं. शेवभाजीत मात्र तर्रीच जास्त, ती हौसेपुरती. आणि फुटाण्यांचा डबा कुलपात ठेव, माझे रूममेटच संपवायचे.