बाबा ६३ वर्षांचे, एचआयव्हीची औषधं नियमित, व्हायरल लोडही (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला. तरी इतके का खंगलेत?

व्हायरल लोड दबला तरी शरीरात बारीक दाह वर्षानुवर्षं धुमसत राहू शकतो, म्हणून अशी खंगलेली, अशक्त अवस्था अनेकांना लवकर गाठते. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. आपोआप वजन घटणं, सततचा थकवा, पकड ढिली, चाल मंद, हालचाल कमी, या पाचांपैकी तीन खुणा असल्या की डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. बाबा बरणीचं झाकण कसं उघडतात, खुर्चीतून उठताना हात टेकतात का, ते बघा. वजन घटत असेल तर आधी एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) सांगून टीबीची तपासणी कराच. जमेल तेवढ्या उठाबशा खुर्चीवरूनच, कुणीतरी शेजारी उभं राहून. जेवणात डाळ, अंडी वाढवा. किडनीचा त्रास असेल तर विचारून. आणि हो, एचआयव्हीच्या औषधांत डोल्युटेग्राविर असेल तर कॅल्शियमची गोळी त्याच्याबरोबर उपाशीपोटी नको, डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही.