‘गोळ्या चुकतात, हे डॉक्टरांना सांगायचं कसं?’

फिट्सचा त्रास असलेल्यांच्या घरून हा प्रश्न नेहमी येतो. विचारणारी बहुतेकदा आई असते, आणि मी मुलीला चार शब्द सुनवावेत एवढीच तिची अपेक्षा असते. या आईचंही तेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) “मॅडम, तुम्हीच समजवा. गोळी घे म्हटलं की अंगावर येते.”

मुलगी पंचविशीतली, नोकरी करणारी. आई बाहेर जाऊन बसली तेव्हा कुठे बोलती झाली. रात्रीची गोळी ती घ्यायची, सकाळची टाळायची. लेव्हेटिरासिटाम हे फिट्सवरचं औषध सुरू झाल्यापासून ऑफिसात कुणी साधं काही विचारलं तरी तिचं डोकं फिरायचं, मागाहून रडू यायचं. सकाळची सोडली की दिवस बरा जातो, हे तिचं गणित. डॉक्टरांनी “गोळ्या वेळेवर ना?” विचारलं की ती “हो” म्हणायची. बाहेर पेशंट ताटकळलेले, शेजारी आई; दुसरं काय म्हणणार?

आता डॉक्टरांच्या बाजूने बघा. गोळ्या नेमाने चालू, तरी फिट येतेय, म्हणजे डोस कमी पडतोय. त्यांनी तो वाढवला. चिडचिड वाढली, गोळ्या आणखी चुकल्या, पुन्हा फिट. म्हणून ‘पेशंट ऐकत नाही’ असं कानावर आलं की मी आधी विचारते, गोळीने नेमकं काय होतं?

चिडचिड हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि त्याला पर्याय आहेत. योग्य औषधं नियमित मिळाली तर सुमारे ७० टक्के लोकांच्या फिट्स थांबू शकतात. पण मनाने गोळ्या बंद करणं धोक्याचं. फिट लांबू शकते, लागोपाठ येऊ शकतात. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

पुढच्या भेटीसाठी मी तिला कागदच लिहायला लावला. फिट्सच्या तारखा, त्याआधी चुकलेल्या गोळ्या, चिडचिड कधीपासून. खाली तिने एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली : ‘पुढे मूल हवं असेल तर कोणती गोळी चालेल?’ आईसमोर हे कधीच निघालं नसतं. आणि औषध बदलायचं तर डॉक्टरांना नेमकं हेच कळायला हवं होतं, कारण फिट्सवर सर्रास वापरलं जाणारं व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं.

डॉक्टरांनी कागद वाचला. रागावले वगैरे नाहीत. नवं औषध हळूहळू वाढवत जुनं कमी करायचं ठरलं.

आईचा चेहरा मात्र उतरला. “म्हणजे मी आता काही बोलायचंच नाही?”

फिट किती वेळ चालली, हात कुठला आखडला, हे मुलीला आठवत नसतं. ते घड्याळ बघून टिपायचं, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, हे काम आईकडे दिलं. गोळ्यांचा हिशेब मुलगीच ठेवते.