तालुक्यातील मधल्या कुटुंबाचे उत्पन्न कसे काढावे?

प्रश्न : आमच्या तालुक्यात २०११ पासून आजपर्यंत कुटुंबाचे उत्पन्न किती वाढले, हे आम्ही काही पदवीधर मुले मिळून काढणार आहोत. जिल्ह्याच्या सामाजिक व आर्थिक समालोचनातील दरडोई उत्पन्नाला घरातील माणसांच्या सरासरी संख्येने गुणले तर चालेल का? तहसीलमधून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यांवरून काही कळेल का?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : हे दोन्ही मार्ग टाळावेत. दरडोई जिल्हा उत्पन्न म्हणजे जिल्ह्यात निर्माण झालेल्या मूल्याला लोकसंख्येने भागून आलेला आकडा. घरात प्रत्यक्ष किती पैसा आला, हे त्यावरून कळत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या आकड्यात कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्र यांचे मूल्य धरलेले असते, पण त्यामुळे जिवती तालुक्यातील कोलाम कुटुंबाच्या हाती चार पैसे जास्त पडत नाहीत. तुम्हाला हवा आहे तो मध्यक, म्हणजे सर्व कुटुंबांची उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, आणि तो सरासरीवरून काढता येत नाही. दाखल्यांची अडचण वेगळी आहे. दाखला कोणत्या तरी योजनेच्या किंवा सवलतीच्या मर्यादेत बसण्यासाठी काढला जातो, त्यामुळे आकडे त्या मर्यादेच्या जरा खाली गर्दी करतात. शिवाय ज्याला गरज नाही तो दाखला काढतच नाही.

दशवार्षिक जनगणनेत उत्पन्न विचारले जात नाही. मात्र २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेत ग्रामीण कुटुंबातील सर्वाधिक कमावत्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न पाच हजारांपेक्षा कमी, पाच ते दहा हजार आणि दहा हजारांपेक्षा जास्त अशा तीन गटांत नोंदवले होते. देशभरात सुमारे ७४.५ टक्के ग्रामीण कुटुंबे पहिल्याच गटात होती. तुमच्या तालुक्याचे तक्ते मिळवा, आणि आज घरोघरी जाल तेव्हा इतर प्रश्नांबरोबर नेमका हाच प्रश्नही विचारा. आजची रक्कम शेतमजुरांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाने २०११ च्या रुपयांत आणून त्याच तीन गटांत टाकली, तर तुलना खरी होईल. तुलना करताना ती प्रमुख कमावत्याच्या उत्पन्नाची आहे, पूर्ण कुटुंबाच्या नव्हे, असे स्पष्ट लिहा.

पूर्ण कुटुंबाचे उत्पन्न यापुढे नीट मोजता येईल, आणि खरी मेहनत तिथेच आहे. कास्तकाराला उत्पन्न विचारले की तो बहुधा कापसाचा चुकारा सांगतो. समजा पाच एकर कोरडवाहूत पंचवीस क्विंटल कापूस झाला आणि सात हजारांच्या भावाने विकला, तर चुकारा पावणेदोन लाखांचा. पण बियाणे, खत, फवारणी, निंदण, डवरणी आणि वेचणीची मजुरी मिळून एक लाख पाच हजार गेले असतील, तर शेतीचे उत्पन्न सत्तर हजारच उरते. त्यात घरी खाल्लेल्या तुरीची किंमत, दुसऱ्याच्या शेतातली मजुरी, पुण्याला गेलेल्या मुलाने पाठवलेले पैसे आणि पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार मिळवावे लागतात. पीककर्ज मात्र उत्पन्नात धरू नये. हिशेबाचे वर्ष जुलै ते जून ठेवा, म्हणजे एका हंगामाचा खर्च आणि त्याच हंगामाची विक्री एकत्र येईल.

नमुना एकाच गावातून किंवा ओळखीच्या घरांतून घेऊ नका. तालुक्यातील गावे आणि त्यांतील कुटुंबे चिठ्ठ्या टाकून निवडा. सालदार आणि भूमिहीन मजूर सुटता कामा नयेत. अशी शंभर कुटुंबे घेतली, तरी तालुक्याचा खरा मध्यक क्रमाने लावलेल्या चाळिसाव्या ते एकसष्टाव्या आकड्याच्या दरम्यान असेल, इतकेच सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणून पाच-सात टक्क्यांच्या फरकाला वाढ म्हणण्याची घाई करू नये. त्यातही कोरडवाहू भागात एक वर्ष बोंडअळीचे निघते आणि एक चांगल्या भावाचे. अमेरिकेत जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीच्या नेहमीच्या तक्त्यांत पासष्ट हजारांपेक्षा कमी वस्तीच्या काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) उत्पन्न पाच वर्षांच्या पाहण्या एकत्र करून दिले जाते, आणि ज्यांची वर्षे एकमेकांत मिसळतात असे दोन कालखंड ताडून पाहू नयेत, असे हा विभाग सांगतो. तुम्हीही निदान तीन वर्षे एकत्र करा.

प्रश्न : भाऊ वेगळे झाले की एका घराची दोन घरे होतात. मग मध्यक आपोआप खाली येणार नाही का?
– एक वाचक, देऊळगाव राजा (जि. बुलढाणा)

उत्तर : येऊ शकतो, आणि माणसे गरीब झालेली नसतानाही येऊ शकतो. दोन लाखांत आठ माणसे राहत होती, ती एकेक लाखात चार-चार राहू लागली, तर माणशी उत्पन्न तेवढेच राहते, कुटुंबाचे मात्र निम्मे दिसते. यासाठी कुटुंब चुलीवरून ठरवा, प्रत्येक चुलीवर किती माणसे जेवतात ते लिहा, आणि कुटुंबाच्या मध्यकाशेजारी माणशी उत्पन्नाचा मध्यकही द्या. पहिला घसरला आणि दुसरा टिकला, तर कारण वाटणीत शोधावे. दोन्ही घसरले, तर शेतीत आणि मजुरीत.