चार नारळांचा वेळ

प्रश्न : आमच्या मोठ्या आत्या राजापूरजवळच्या गावी राहतात, वय ७८. दर मे महिन्यात त्या हापूसचा रस बाटल्यांत भरतात आणि तो गणपतीपर्यंत जसाच्या तसा राहतो. गेल्या वर्षी मी ठाण्याला त्यांच्याच पद्धतीने १५ बाटल्या केल्या. जुलैत तीन फसफसून उडाल्या. आत्यांना विचारलं तर म्हणतात, ‘अंदाजाने करायचं.’ माझं काय चुकलं? आणि याच रीतीने फणसाच्या कुयरीची भाजी बाटलीत भरून परदेशी असलेल्या मुलाला देता येईल का?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला माझा १९८४ चा मे आठवला. लग्नानंतरची पहिली आगोटीची बेगमी. परसात तीन दगडांची चूल, तिच्यावर मोठा हंडा, तळाला गोणपाट, त्यावर बाटल्या. पत्र्याची बुचं मारायचं हातमशीन शेजारघरातून आणलेलं. पाण्याला खळखळून उकळी आली की सासूबाई विळी घेऊन बसायच्या आणि चार नारळ फोडून खवायच्या. चौथा झाला की चुलीतला जाळ बाहेर ओढायच्या. हे त्यांचं घड्याळ.

पुढल्या वर्षी त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मीही चारच नारळ खवले, पण वीस वर्षांच्या हातांनी. आषाढात माझ्या सहा बाटल्या उडाल्या, फळीवरून रस ओघळला, मुंग्या लागल्या, आणि मी कोठीच्या खोलीत बसून रडले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी मी त्यांच्या शेजारी मनगटी घड्याळ घेऊन बसले. त्यांचे चार नारळ ३१ मिनिटांत झाले. माझे १८ मिनिटांत व्हायचे.

तुमचंही बहुधा असंच काहीसं झालंय. रस दाट असतो, बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता सावकाश पोचते. तिथले यीस्ट जिवंत राहिले की रस आंबतो, वायू धरतो आणि बूच उडतं. बूच नीट न बसल्यानेही हेच होतं. मी आता रस आधी पातेल्यात उकळून घेते, किलोला ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालते, गरम रस गरम बाटलीत दोन बोटं जागा ठेवून भरते, लगेच बूच मारते आणि बाटल्या बुडतील इतक्या पाण्यात उकळी आल्यापासून ३० मिनिटं ठेवते. बाटल्या गरम पाण्यातच सोडायच्या, नाहीतर तडकतात. फसफसलेल्या बाटलीतला रस चाखूनसुद्धा पाहू नका.

सायट्रिक ॲसिड मात्र टाळू नका. आत्या घालत नसतील, पण पिकेल तसा आंब्याचा आंबटपणा उतरतो आणि दोन झाडांची फळं सारखी नसतात. रायवळाचं तर विचारूच नका. इथे सगळी भिस्त आंबटपणावर आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

फणसाची भाजी अशी बाटलीत भरू नका. मुलाला तर मुळीच देऊ नका. बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे चिवट सुप्त रूपात पाण्याच्या उकळीला दाद देत नाहीत. या बीजाणूंना मारायला दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास उष्णता लागते. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली असेल तर ते वाढत नाहीत, म्हणून आंबट केलेला रस चालतो. भाजी आंबट नसते आणि बंद बाटलीत हवाही नसते, म्हणजे त्यांना हवं तेच. शिवाय रसासारखं बूच उडून कळेल असंही नाही. वास, रंग, चव सगळं ठीक असूनही त्यात जीवघेणं विष असू शकतं. घरच्या शिट्टीच्या कुकरवरही हा प्रयोग करू नका. मुलाला फणसाचे तळलेले गरे पाठवा, पोळी पाठवा.

आत्यांवर मात्र रागावू नका. फ्रान्सचे निकोला अपेर यांनी १८१० मध्ये काचेच्या बरण्या बंद करून उकळण्याची कृती छापली, तेव्हा अन्न का टिकतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते पुढे पाश्चर यांच्या कामातून उलगडलं. आत्यांचा अंदाज त्यांच्या हातांत आहे आणि तो विचारून मिळत नाही.

येत्या मे महिन्यात चार दिवस राहायलाच जा. पहिल्या दिवशी नुसत्या बाटल्या धुवा, त्यांना ते बरं वाटेल. सोबत घड्याळ आणि वही ठेवा. उकळी आल्यावर त्या कुठलं काम हाती घेतात आणि कुठल्या कामानंतर जाळ ओढतात, ते बघा आणि मिनिटं लिहून घ्या. ३० पेक्षा कमी भरली, तर त्यांना न दुखवता एक नारळ वाढवा.