पाचचं पिवळं नाणं काळं का पडतं?

प्रश्न : नमस्कार सर, माझं सांगलीत छोटं किराणा दुकान आहे. गल्ल्यात पाचची पिवळी नाणी येतात ती नवी असताना सोन्यासारखी दिसतात आणि नंतर चॉकलेटी, काही तर काळीकुट्ट होतात, पण एकची नि दोनची स्टीलची नाणी तशीच पांढरी राहतात. काळं नाणं दिलं की गिऱ्हाईक परत करतं, म्हणतं खोटं आहे, लोहचुंबकाला पण चिकटत नाही. सासूबाईंच्या डब्यातले राजाछाप चांदीचे रुपये पण काळे पडलेत, ते लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंचेनं घासू का?

उत्तर : ताई, आधी गिऱ्हाइकाचं बघू. पिवळं पाचचं नाणं लोहचुंबकाला चिकटायलाच नको, कारण २००९ पासून ते निकेल-ब्रासचं येतं म्हणजे साधारण ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल, थोडक्यात पितळेचंच भावंड. आता घरातली पितळी समई किंवा तांब्याचा तांब्या महिनाभर घासला नाही तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तेच नाण्याचं होतं. तांब्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन आधी पातळ तपकिरी थर बसतो, घामातलं मीठ आणि आम्लं ते काम अजून जोरात करतात आणि गंधक भेटला की काळं सल्फाइड तयार होतं. तुमच्या दुकानात तर गंधकाला तोटाच नाही, कांदा, लसूण, हिंग सगळ्यात तो आहे, आणि पादेलोणाचा डबा उघडल्यावर जो वास येतो ना तो हायड्रोजन सल्फाइडचा, चांदी-तांबं काळं करणारा वायू तो हाच. त्याच हातांनी दिवसभर सुट्टे मोजले जातात, वरून हाताचं तेल आणि धूळ. एखादं नाणं उन्हात धरून बघा, आकड्याच्या नि अक्षरांच्या खाचेत काळं साचलेलं असतं आणि उंच भाग मात्र बोटांनी घासून घासून थोडा चमकत असतो.

एकची-दोनची काळी पडत नाहीत कारण त्या स्टीलमध्ये क्रोमियम असतं. क्रोमियमवर पण थर बसतोच पण तो इतका पातळ आणि घट्ट की डोळ्याला दिसत नाही आणि आतल्या लोखंडापर्यंत हवा पोचू देत नाही. ही नाणी चुंबकाला चिकटतात, म्हणून तर घाटावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यातले पैसे काढतात बघा, त्यांच्या हाती स्टीलचीच नाणी लागतात आणि पिवळी खाली राहतात, ती गाळात पडून पार काळी होतात कारण गाळात हवा नसते आणि तिथले जीवाणू सल्फाइड तयार करतात.

आणि काळं पडलं म्हणून नाणं बाद होत नाही, बँकेनं ते घ्यायलाच हवं. रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये दहाच्या नाण्याबद्दल असंच सांगावं लागलं होतं की १४ वेगवेगळ्या डिझाइनची नाणी आहेत आणि सगळी चालतात. गल्ल्यातली नाणी साबणाच्या पाण्यातून काढून पुसली तरी पुष्कळ झालं.

आता सासूबाईंचे रुपये, इथे मात्र हात जोडून सांगतो, चिंच नको, लिंबू नको, भांडी घासायची पावडर तर अजिबात नको!! पंचम जॉर्जचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी आणि बाकी तांबं. सहावा जॉर्ज असेल आणि वर्ष १९४० ते ४५ मधलं असेल तर चांदी निम्मीच आणि ४० टक्के तांबं, म्हणून तो बहुतेक वेळा जास्त कळकट दिसतो. तो काळा थर चांदीच्या सल्फाइडचा आहे, त्यानं नाण्याचं काही बिघडत नाही, पण घासताना थराबरोबर चांदी पण जाते, राजाच्या मुकुटावरची बारीक नक्षी झिजते, ओरखडे पडतात आणि ते परत कधीच भरून येत नाहीत. नाणी जमवणारे लोक अशा घासलेल्या नाण्याला फार कमी किंमत देतात, आणि किंमत सोडा, शंभर वर्षं जपलेली वस्तू दहा मिनिटांत झिजवलेली मला तरी बघवत नाही.

कोमट पाण्यात साधा साबण घालून धुवा, सुती कपड्यानं टिपून घ्या, चोळू नका. आणि त्या डब्यात काय काय आहे ते एकदा बघा, रबरबँड असेल तर लगेच काढा कारण रबरात गंधक असतो, जिथे तो टेकतो तिथे काळी रेघ उठते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पण ठेवू नका, काही वर्षांनी त्यातून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवं चिकट काहीतरी धरतं. प्रत्येक रुपया वेगळ्या बटर पेपरमध्ये गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, दुकानाच्या कपाटात नको. पूजेला काळेच मांडा, हळदकुंकू खालच्या विड्याच्या पानाला लावा, नाण्याच्या खाचेत गेलं की ते काढताना परत घासणं आलंच.