साधा चेलो, मर्यादित बजेट आणि पुण्याची हवा: कोणत्या तारा घ्याव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं शिकताय, चेलो चिनी बनावटीचा, तारा विकत घेतला तेव्हाच्याच. चार तारांपैकी (जाडीकडून बारीककडे सी, जी, डी, ए) ए किंचाळते, सी भुसभुशीत वाजते. पूर्ण सेट बदलावा का, लार्सन-स्पायरोकोरची जोडी (ए-डी लार्सनच्या, जी-सी स्पायरोकोरच्या) खरंच तेवढी भारी आहे का, आणि गटच्या तारा इथे टिकतील का?

गटचं आधी उरकतो. नको. मेंढीच्या आतड्याची तार ती, सारंगीवाले तिला तात म्हणतात. आवाज ऐकून माणूस विरघळतो, हे मान्य. पण ती हवेतलं पाणी पिते. पावसाळ्यात दुपारी ऊन, चारला सर, पुन्हा ऊन असं चाललेलं असताना खुंट्या पिळण्यातच रियाझ संपतो. मधला पर्याय म्हणून सिंथेटिक गाभ्याच्या तारा मिळतात. व्हायोलिनवर त्या सर्रास दिसतात, चेलोवर मात्र बहुतेक जण स्टीलच्याच गाभ्यावर आहेत. तुम्हीही तिथेच राहा.

आता मुख्य मुद्दा. सेट घेऊ नका. आणि एक ए तारसुद्धा आज घेऊ नका.

माझीही ए अशीच किंचाळायची. मी दीडेक वर्षात तीन निरनिराळ्या ए लावून पाहिल्या, त्यातली एक चांगली महागातली. दर वेळी आठ दिवस बरं वाटायचं आणि मग तेच. चौथी लावताना वाटलं, आता चारही तारा काढून पट्टी (जिच्यावर बोटांनी तार दाबतो ती) आणि घोडी (ब्रिज) नीट पुसून घेऊ. तारा सैल करून काढल्या, घोडी उचलली आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. चेलोच्या पोटात करंगळीएवढी जाड एक लाकडी काठी उभी असते, साउंडपोस्ट. ती कशानेही चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबावर अडकून उभी असते. तारा काढल्या, दाब गेला, काठी आडवी. फ्रेंच लोक या काठीला ‘आम’ म्हणतात, म्हणजे आत्मा. एफच्या आकाराच्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारून मी माझ्या चेलोचा आत्मा घरंगळताना बघत बसलो होतो.

चेलो रिक्षात उभा धरून कोथरूडहून कॅम्पात नेला. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी काठी उभी केली ती आधीपेक्षा किंचित सरकवून, आणि घोडी वरून तासून पातळ केली. तारा जुन्याच चढवल्या. किंचाळणं गेलं. तीन तारांचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून तुम्हीही आधी घोडी आणि काठी कुणा जाणकाराला दाखवा. कारखान्यातून येणाऱ्या चेलोंची घोडी बहुधा जाड आणि उंच ठेवलेली असते. तंबोऱ्याची जवारी लागलेली नसेल तर तारा बदलून काय होणार? तसंच आहे हे.

त्यानंतरही ए टोचत असेल तर फक्त ए बदला, जमल्यास डी. झिजतात त्याच आधी. सी आणि जी कितीतरी जास्त टिकतात. माझी निवड म्हणाल तर जार्गर, मीडियम, म्हणजे मध्यम ताणाची. डेन्मार्कच्या तारा आहेत, स्वभावाने शांत. लार्सनही तिथलीच. तिची ए जास्त गोल आणि भरीव वाजते, पण खिसाही तसाच मोकळा करते. डॅडारिओची प्रेल्यूड एकसंध स्टीलच्या तारेवर बनते, म्हणून स्वस्त आणि दणकट, पण बोलणं जरा एकसुरी. त्यांचीच हेलिकोर बारीक तारांचा पीळ घालून केलेली असते, ती बोटाखाली मऊ लागते. प्रेल्यूडवरून वर जायचं असेल तर हीच पायरी बरी.

स्पायरोकोर व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डची. लोक जिच्यासाठी जीव टाकतात ती टंगस्टनच्या वेटोळ्याची जी आणि सी. कारण सोपं आहे. सीचा सूर 65 हर्ट्झ, एचा 220, आणि दोघींची वाजती लांबी तीच, साधारण 69 सेंटिमीटर. इतक्या लांबीत इतका खालचा सूर काढायचा तर तार वजनदार हवी. स्टीलने वजन वाढवायला गेलं की तार जाड होते आणि बो (गज) लावल्यावर बोलायला वेळ घेते. टंगस्टन स्टीलच्या जवळपास अडीचपट घन. तेवढंच वजन कमी जाडीत बसतं, तार चटकन बोलते. तुमच्या भुसभुशीत सीवर हा उपाय खरा आहे, पण महाग. शिवाय नवी स्पायरोकोर पहिले काही दिवस कानाशी पत्र्यासारखी खरखरते. घाबरून काढू नका, मुरू द्या. ही जोडी मी पुढच्या चेलोसाठी राखून ठेवली असती.

ताणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुण्यात चेलो वाजवणारा माणूस आज ना उद्या राग वाजवून बघतोच. सी-जी-डी-ए म्हणजे पांढरी एकमध्ये सा-प-रे-ध. सोयीसाठी आपण डी उतरवून सा करतो, ए उतरवून प. सूर एक पूर्ण स्वर खाली आला की ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो आणि तार लोंबल्यासारखी वाजते. कायम असं लावणार असाल तर त्या दोन तारा स्ट्राँग, म्हणजे जास्त ताणाच्या घ्या. फक्त पाश्चात्त्य वाजवणार असाल तर मीडियमच. साध्या चेलोला जास्त ताण दिला की आवाज मोठा न होता घुसमटतो.

दोन तारांची तुलना करताना स्वतःच्या कानावर विसंबू नका. चेलो छातीला टेकलेला, ए कानाच्या वीतभर अंतरावर, तिथे सगळंच तीक्ष्ण लागतं. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड करा. बाखच्या पहिल्या सुइटची सुरुवात घ्या, पहिल्या तीन सुरांत जी, डी, ए तिन्ही तारा येतात. कोण ओरडतंय ते लगेच कळतं. लावल्या दिवशी एकदा आणि दहा दिवसांनी पुन्हा रेकॉर्ड करा. पहिल्या दिवसाचं मत धरू नका, नवी तार सगळ्यांनाच आवडते.

चढवताना एका वेळी एकच तार काढा (का, ते वर सांगितलंच). खाचांत साध्या पेन्सिलीचं शिसं घासा. तार चढते तशी ती घोडीचा माथा पट्टीकडे ओढते, म्हणून मधेमधे बाजूने बघून दोन्ही हातांनी घोडी सरळ करा. स्टीलच्या तारेला फाइन ट्यूनर लागतोच, तंबोऱ्याच्या मण्यासारखा. खुंटीने ती बारीक लागत नाही. आणि खुंट्या पावसाळ्यात फुगून अडकतात, एप्रिलात सुकून सुटतात. त्याचा दोष तारेला देऊ नका.

काढलेली जुनी ए नव्या तारेच्या पाकिटात गुंडाळून, वर तारीख लिहून चेलोच्या पिशवीत ठेवा. माझी नवी ए एकदा ग्रेडच्या परीक्षेला दोन तास असताना तुटली होती, तेव्हा हीच जुनी किंचाळणारी ए कामाला आली.